मुळांची भूक आणि धुतलेले डबे

माझ्या नवऱ्याला स्वच्छतेचं वेड आहे, आणि ते वेड त्याला कंपनीने लावलं. चाकणच्या एका कारखान्यात तो फॉस्फेटिंगच्या लाइनवर सुपरवायझर आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग रंगवण्याआधी एका ओळीतल्या टाक्यांमधून बुडवून काढतात. पहिल्या टाकीत तेल-ग्रीस निघतं, मग पाणी, मग गंज काढणारं अ‍ॅसिड, पुन्हा पाणी, आणि शेवटी फॉस्फेटची टाकी. तिथे पत्र्यावर एक राखाडी, खरखरीत थर बसतो आणि पुढे रंग त्यालाच धरून राहतो. पत्र्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी हा थर नीट बसत नाही. म्हणून तिथे एक परीक्षा असते. ओला पत्रा उभा धरायचा. पाणी अखंड पसरून खाली उतरलं तर पत्रा स्वच्छ. मध्येच फाटलं, थेंब-थेंब झालं, तर तेल उरलंय, पाठवा माघारी.

"पाणी फाटता कामा न्हाई," हे वाक्य मी लग्नानंतर चौथ्या दिवशी ऐकलं. मी घासलेलं ताट तो नळाखाली तिरकं धरून डोळे बारीक करून बघत होता. दिघीतल्या त्या स्वयंपाकघरात मला ब्रह्मांड आठवलं. सासूबाई मात्र खुशीत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई तू आलीस. इतकी वर्सं मीच परीक्षेला बसत व्हते." मी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की ज्याला परीक्षा घ्यायची त्याने भांडी घासावीत. तेव्हापासून आमच्याकडे भांडी तो घासतो, आणि खरं सांगते, आमच्याइतकी लखलखीत ताटं आख्ख्या आळीत कुणाची नसतील.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, निगडीच्या बाजूच्या एका कॉलेजात. नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. 'अजून चालूच आहे का?' असं नातेवाईक ज्या सुरात विचारायचे, त्या सुरात लोक जुन्या खोकल्याची चौकशी करतात. विषय काय म्हणून विचारलं की मी सांगायचे: जमिनीत फॉस्फरस कमी असेल तर भाताचं मूळ काय करतं. लग्नकार्यात एवढं ऐकून लोक जेवणाच्या रांगेकडे वळायचे. पण मला तो विषय इतका आवडायचा, की मी त्यांच्या मागे रांगेत जाऊन उरलेलं सांगायचे.

आता तुम्हीही ऐकाच. मावळातल्या डोंगरउतारावरच्या तांबड्या मातीत फॉस्फरस नसतो असं नाही. असतो, पण मातीतलं लोह त्याला घट्ट धरून बसतं. घरात धान्य आहे आणि कणगीला कुलूप आहे. माणूस अशा गावातून उठून पिंपरीला कामाला येतो. रोपाला कुठे जाता येतं? मग मूळ काय करतं, तर आपल्या आत कोरलेली एक जुनी सोय जागी करतं. मुळाच्या पेशीत एक प्रथिन असतं. भुकेच्या वेळची जनुकं उठवणं हे त्याचं काम. फॉस्फेट, म्हणजे मुळाला पिता येईल असा विरघळलेला फॉस्फरस, भरपूर आहे तोवर दुसरं एक प्रथिन त्याचा हात धरून त्याला बसवून ठेवतं. फॉस्फेट कमी पडलं की ती पकड सुटते, आणि मोकळं झालेलं प्रथिन थेट डीएनएवर जाऊन बसतं आणि एकामागून एक जनुकं चालू करत सुटतं. कुठलं जनुक फॉस्फेट आत ओढून घेणारे दरवाजे वाढवतं, कुठलं मुळावरची लव लांबवतं, कुठलं मातीत विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतं आणि कुजलेल्या पानांतला फॉस्फरस तोडून काढतं. मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि तरी हे सगळं! मी हे पहिल्यांदा वाचलं ते बसमध्ये, आणि माझा स्टॉप मागे राहिला. दोन स्टॉप चालत परत आले तेही हसत.

नवऱ्याला मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. तो दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "म्हंजी लेव्हल सेन्सर. टाकीतली पातळी खाली गेली की आपोआप पंप चालू. येवढंच ना?" मी महिनाभर वर्गात जे समजावत होते ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला राग आला, आणि पुढच्या तासाला मी तेच वाक्य वर्गात वापरलं.

मुळाने मातीत सोडलेलं ते विकर डोळ्यांनी बघता येतं, ही त्यातली सगळ्यात गोड गोष्ट. एका विशिष्ट रसायनात मूळ ठेवलं की जिथे विकर आहे तिथे ते निळं होतं. पोट भरलेलं मूळ पांढरंच राहतं. हिवाळ्यात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाजारातलं नेहमीचं भाताचं वाण फॉस्फेटशिवाय वाढवून बघितलं होतं. रोपं खुरटली, पानं मळकट गडद झाली, मुळं निळी पडली. म्हणजे पद्धत बरोबर होती. आता खरा प्रश्न विचारायचा होता, आणि तो मावळातल्या माझ्या काकांच्या भाताबद्दल होता.

काका डोंगरउतारावर एक जुना, जाड, तांबूस भात लावायचे. "ह्याला खत न्हाई, पानी साठवायचं न्हाई, काय न्हाई. मातीत टाकायचा आन् इसरायचं," असं ते अभिमानाने सांगायचे. माझ्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळत होता, की या भाताच्या भुकेच्या जनुकांत काहीतरी वेगळं असणार. मी बियाणं मागायला गेले तोवर त्या उतारावर प्लॉटिंग झालं होतं आणि काकांनी भात लावणं सोडलं होतं. डब्याच्या तळाशी राहिलेला एक मूठभर भात त्यांनी माझ्या रुमालात बांधून दिला. "आता येवढाच हाय बघ जगात," ते म्हणाले. ते हसत होते, पण मला हसू आलं नाही. तो रुमाल मी पर्समध्ये न ठेवता घरापर्यंत मुठीत धरून आणला.

जूनच्या अखेरीस पीएच.डी.चं काम तपासणाऱ्या समितीची बैठक होती. मला आधीच दोनदा मुदत वाढवून मिळाली होती. मार्गदर्शक मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "या वेळी हातात निकाल नसेल तर नोंदणी रद्द होईल. मी काही करू शकणार नाही." आणि मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजच्या प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं.

म्हणून मी प्रयोग घरी आणला. बाल्कनीत हिरवी जाळी बांधली, पिंपरीच्या बाजारातून चार पांढरे प्लास्टिकचे डबे आणले, त्यांच्या झाकणांना भोकं पाडली आणि काकांच्या भाताची रोपं त्यात लटकवली. मुळं खाली पोषणद्रावात. दोन डब्यांत फॉस्फेट होतं, दोनमध्ये नव्हतं. दर तिसऱ्या दिवशी द्राव बदलायचा आणि डबे धुवायचे. मला रोज विद्यापीठाचे पेपर तपासायला जावं लागे. नवरा म्हणाला, "डब्यांचं माझ्याकडं दे." मी म्हटलं, "एकदम चकाचक हवेत हं." हे मी कुणाला सांगत होते!

बाराव्या दिवशी मी पहाटे उठले आणि बाल्कनीत गेले. चारही डब्यांतली रोपं सारखीच होती. फॉस्फेट न मिळालेली रोपंही टरारून वाढलेली, पोपटी, ताठ. मी घाईघाईने सगळी रोपं काढली, मुळं कापून त्या रसायनात ठेवली आणि समोर मांडी घालून बसले. तासन्‌तास बसले. एकही मूळ निळं झालं नाही.

मी अक्षरशः नाचले. या भाताला भूकच लागत नाही! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत ही बातमी सासूबाईंना, शेजारणीला, रावेतच्या बहिणीला आणि काकांना कळली होती. काका म्हणाले, "मी काय म्हनत व्हतो?" मॅडमना फोन केला तेव्हा माझं वाक्य धड पूर्ण होईना. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "छान. नेहमीचा भात शेजारी लावला होतास ना?"

नव्हता लावला. हिवाळ्यात बघितलं होतं की, त्यात नवीन काय बघायचं!

"याच डब्यांत लाव," त्या म्हणाल्या. मला वाटलं, फोटोसाठी म्हणत असतील. लावला. आणि तो वाढेपर्यंत मी सादरीकरण तयार करायला घेतलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भूक न लागणारा भात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं माझं झालं होतं. मी पांढऱ्या मुळांचे फोटो रात्रंदिवस मोठे करून बघत होते.

बारा दिवसांनी बाजारचा नेहमीचा भातही तसाच टरारला. त्याची मुळंही पांढरीच राहिली. ज्या भाताने हिवाळ्यात भुकेने मान टाकली होती तो माझ्या बाल्कनीत फॉस्फेटशिवाय मजेत होता. मी जमिनीवर बसले. म्हणजे कुणीतरी त्यांना खाऊ घालत होतं.

तेवढ्यात मोरीतून हाक आली. "बघ गं, कसा झालाय! ह्या प्लास्टिकवर पानी लई फाटतं. दोन-दोनदा पावडर लावावी लागते, तवा कुठं पसरतंय."

मी जाऊन बघितलं. त्याने डबा तिरका धरला होता आणि त्यावरून पाणी अखंड, सुंदर उतरत होतं. प्लास्टिकवरून! कितीही धुवा, प्लास्टिकवर पाण्याचे थेंबच होतात. ते पत्र्यासारखं पसरत नाही, कारण प्लास्टिक मुळातच पाण्याला जवळ करत नाही. त्यावर साबणाचा पातळ थर राहिला असेल तरच पाणी पसरतं.

"अहो, शेवटी स्वच्छ पाण्याने विसळता ना?"

"इसळलं की परत फाटतंय की! मंग वरनं जरा पावडरीचा हात फिरवतो. मंग कसं एकदम ओके."

"कुठली पावडर?"

पावडर त्यांच्या लाइनवरची होती, पहिल्या टाकीतली, तेल काढणारी. सप्लायरने दिलेली नमुन्याची पिशवी आमच्या मोरीत फरशीसाठी कधीपासून होती. मी पिशवी उलटी केली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ट्रायसोडियम फॉस्फेट. मी ते तीनदा वाचलं. दर तिसऱ्या दिवशी माझा नवरा माझ्या उपाशी रोपांना प्रेमाने फॉस्फेट वाढत होता.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की सहा वर्षांची सगळी चिडचिड मी त्या पाच मिनिटांत त्याच्यावर ओतली. तो ओल्या हातांनी उभा होता. शेवटी म्हणाला, "तू म्हनालीस चकाचक पायजेत. काय राहू द्यायचं न्हाई, ते कुठं सांगितलंस?" हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

मॅडमना फोन केला. मी ज्या उत्साहाने खोटी बातमी सांगितली होती तिची त्यांना आठवण करून द्यायचीही लाज वाटत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दाणे किती उरलेत?"

अडतीस. बाकीची सगळी रोपं मी आनंदाच्या भरात कापून टाकली होती. काकांकडे आणखी नव्हते. बैठकीला तेवीस दिवस होते.

"डबे आम्लाने धू. स्वतः धू," मॅडम म्हणाल्या. "आणि या वेळी सगळी रोपं कापू नकोस. दहा-बारा बियाण्याला ठेव."

शिपाईमामांना गाठून प्रयोगशाळेचं कुलूप उघडवलं, पातळ आम्ल आणलं, आणि नवेकोरे दोन डबे मी स्वतः धुतले. पाण्याचे टपोरे थेंब प्लास्टिकवरून घरंगळताना बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं. अडतीसपैकी तेहेतीस दाणे रुजले. एक डबा फॉस्फेटचा, एक उपाशी. प्रत्येक डब्यात अर्धी रोपं काकांची, अर्धी बाजारची.

नवऱ्याला मी बाल्कनीत यायला बंदी केली नव्हती. त्याने ती स्वतःच घालून घेतली. शिफ्टवरून आला की दारातच कपडे बदलायचा, आधी अंघोळ करायचा, आणि पेपर वाचायला बाल्कनीऐवजी जिन्यात बसायचा. भांडीही तो आता घासेना. ती मी घासायचे, आणि आमच्या ताटांवर पाणी सरळ-सरळ फाटायचं, आणि तो त्याच ताटात जेवून उठायचा. एकदा सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "घरात कुनी आजारी असल्यागत वाटतंय." मला अपराधी वाटत होतं, पण माफी मागायला जीभ रेटेना.

पाचव्या दिवशी उपाशी डब्यातली रोपं वाढायची थांबली. आठव्या दिवशी मी झाकण उचललं आणि ओरडायचीच बाकी राहिले. बाजारच्या भाताची मुळं होती तेवढीच होती, आणि काकांच्या भाताची मुळं वीतभर खाली उतरून, फाटे फोडून, डब्याचा तळ चाचपत होती. वर पानं खुरटलेली, आणि खाली ही धावपळ! त्यांच्या पेशींत काय चाललं असेल ते मला जणू ऐकू येत होतं. एकेक जनुक उठतंय, कामाला लागतंय. मी दिवसातून दहा वेळा झाकण उचलायचे आणि स्वतःलाच दटावून परत ठेवायचे. बारा दिवस मी डोळ्यांत तेल घालून काढले.

बारावा दिवस गुरुवारी आला. गुरुवारी नवऱ्याची सुट्टी. मी प्रत्येक गटातली काही रोपं कापली, अर्धी मुळं, जनुकं किती चालू झालीत ते मोजायला पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायची म्हणून, बर्फात ठेवली, उरलेली काचेच्या थाळीत रसायनात घातली आणि थाळीखाली पांढरा कागद ठेवला. पोट भरलेल्या रोपांची मुळं पांढरीच राहिली. बाजारच्या उपाशी भाताच्या टोकांशी तासाभराने फिकट निळसर झाक आली. आणि काकांच्या भाताच्या मुळावर आधी एक बारीक निळी रेघ उमटली, मग फाट्यांवर, मग लवेवर, आणि बघता बघता सगळं मूळ टोकापासून वरपर्यंत गर्द निळं होत गेलं.

"अहो!" मी किंचाळले. "अहो, इकडे या!"

तो जिन्यातून धावत आला आणि बाल्कनीच्या उंबऱ्याशी थांबला. हात पाठीमागे. "येऊ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "या हो. माझं चुकलं. या."

तो थाळीवर वाकला. मी भडाभडा बोलत सुटले. जिथे निळं आहे तिथे विकर आहे, विकर आहे म्हणजे त्याचं जनुक चालू आहे. या भाताला भूक लागत नाही असं मी गावभर सांगत होते, आणि खरं तर याला भूक सगळ्यांच्या आधी लागते. लागली की तो हातावर हात ठेवून बसत नाही. त्याचा सेन्सर फार तिखट आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या यंत्रानेही हेच सांगितलं: काकांच्या भातात भुकेची जनुकं कितीतरी जास्त जोरात चालू झाली होती. समितीला मी निळी मुळं दाखवली आणि पावडरीची गोष्टही सगळी सांगितली. एक सदस्य हसून हसून चष्मा पुसत होते. माझी नोंदणी राहिली.

पण त्या गुरुवारी हे अजून व्हायचं होतं. त्या दिवशी मी बोलतेय आणि नवरा 'हां, हां' करतोय, एवढंच होतं. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, की तो थाळीकडे बघतच नाहीये. तो उपाशी डब्यात बियाण्यासाठी ठेवलेल्या रोपांकडे बघत होता. काळपट पानांची, वीतभरही न झालेली रोपं.

"तुझं काम झालं न्हवं आता?" त्याने विचारलं.

"झालं."

"मंग आता तरी ह्यांना कायतरी खायला घाल की. बारा दिस झाले."

मी फॉस्फेटच्या द्रावाची बाटली आणि मापाची नळी आणली आणि त्याच्यापुढे धरली. तो मागे सरकला. "मी नको," म्हणाला. मी ती त्याच्या हातात कोंबली. त्याने नळी डोळ्यांसमोर धरून रेघ बघितली, झाकण जपून उचललं, आणि विचारलं, "किती घालू?"

किती घालायचं ते माझ्या वहीत दशांशासकट लिहिलेलं होतं.

"पोटभर घाला," मी म्हटलं.